मारताना लागलं : फवारणीची विषबाधा, दवाखाना आणि एका शब्दाची दुरुस्ती

परभणी जिल्ह्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या पट्ट्यात, आमची सव्वातीन एकर काळी जमीन आहे. घरची फवारणी उरकली की मी गावातल्या इतरांच्या शेतांतही पंपाच्या हिशोबाने फवारायला जातो. 2024च्या हंगामात एका पंपामागे 40 रुपये मिळत होते. त्याच वर्षी 21 सप्टेंबरला, शनिवारी, मला फवारताना विषबाधा झाली. सहा दिवस सरकारी रुग्णालयात गेले आणि त्यानंतर तिथल्या कागदावर चुकीचा लिहिला गेलेला एक शब्द दुरुस्त करून घेता घेता 4 डिसेंबर उजाडला. आजाराने शरीर दमले, पण कागदाने त्याहून जास्त दमवले. म्हणून दोन्हींची हकीकत जशी घडली तशी, तारखांसह लिहून ठेवत आहे.

त्या वर्षी सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत आमच्या भागात प्रचंड पाऊस झाला. पोळा पावसातच गेला. नंतर महालक्ष्म्या आणि गणपती आले, आणि 17 तारखेला विसर्जन झाल्यावर जे ऊन पडले त्यात कापूस अंगाला भिडेल इतका वाढला. पाऊस उघडला तशी गावातल्या प्रत्येकाला एकाच वेळी फवारणी हवी होती. मी गुरुवारी आणि शुक्रवारी दुसऱ्यांच्या शेतांत दिवसाला वीसेक पंप मारले आणि शनिवारी सकाळी घरच्या कापसात शिरलो. म्हणजे विषबाधा शनिवारी झाली असे सगळे म्हणत असले, तरी तिची सुरुवात गुरुवारीच झाली होती, हे मला पुढे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा कळले.

माझे काय काय चुकले ते लपवण्यात अर्थ नाही. पंपाच्या झाकणाचे वायसर झिजले होते, त्यामुळे प्रत्येक पावलाला थोडे थोडे द्रावण पाठीवरून कमरेत आणि तिथून जांघेत उतरत होते. पायांत काही नव्हते. तोंडाला ओला रुमाल बांधला होता आणि त्याचाच मला मोठा आधार वाटत होता. औषध होते प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रीनचे तयार मिश्रण. त्यात फुलकिड्यांसाठी आणखी एक औषध आणि वर एक टॉनिक मी माझ्या मनाने मिसळले होते. डब्यावर माप मिलिलिटरमध्ये लिहिलेले असते, आम्ही मात्र झाकणाने मोजतो, आणि बोंडअळी दिसली की एक झाकण वाढवतो. त्या डब्यावर पिवळा त्रिकोण होता. आमच्याकडे ‘लाल नाही ना, मग काही होत नाही’ असे सर्रास म्हटले जाते. वास्तविक लाल सर्वांत जहाल, त्याच्या खालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा, असा तो क्रम आहे. पिवळा म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचे विष. दहाच्या सुमारास नोझल तुंबले तेव्हा ते मी तोंडाने फुंकून मोकळे केले आणि बांधावर बसून, हात न धुता, तंबाखू मळून खाल्ली.

साडेअकराच्या आसपास डोके जड झाले. उन्हाने होत असेल असे वाटून मी आणखी दोन पंप मारले. मग घाम असा फुटला की तो उन्हाचा नव्हे हे मलाही जाणवले. तोंडाला लाळ सुटत होती, डोळ्यांतून पाणी येत होते आणि भर दुपारी समोरचे अंधुक दिसू लागले. मांडीचे मांस कातडीखाली आपोआप फडफडत होते. ते पाहून मला सर्वांत जास्त भीती वाटली. पंप उतरवला आणि भावाला हाक मारली, इथपर्यंतचे मला स्वच्छ आठवते.

पुढची दोन दिवसांची हकीकत पत्नीने सांगितलेली आहे. घरी आणल्यावर कोणी ताक पाजा म्हणाले, कोणी मिठाचे पाणी देऊन उलटी काढा म्हणाले. विष कातडीतून गेलेले असताना पोट रिकामे करून काय साधणार, आणि अर्धवट शुद्धीतल्या माणसाला उलटी करायला लावली तर ती फुफ्फुसात जाण्याचा धोका वेगळाच. पत्नीने यातले काही होऊ दिले नाही. तिने माझे कपडे कापून काढले, बोअरच्या पाण्याखाली बसवले आणि केसांपासून पायांपर्यंत साबण लावून धुतले. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी पुढे सांगितले की माझ्या बाबतीत सर्वांत उपयोगाची गोष्ट हीच झाली. फक्त धुणाऱ्याने स्वतःच्या हातांत मोजे घालायला हवे होते. दुसरी शहाणपणाची गोष्ट म्हणजे तिने तिन्ही औषधांचे डबे एका पिशवीत बांधून बरोबर घेतले.

प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी बॅटरीने डोळे पाहिले, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा : “पिले का?” पत्नी म्हणाली, “नाही साहेब, मारताना लागलं.” त्यांनी डबे पाहिले, ॲट्रोपिनची, म्हणजे या विषावरच्या उताऱ्याची, इंजेक्शने तिथेच सुरू केली आणि 108 नंबरच्या रुग्णवाहिकेतून, चिठ्ठी देऊन, जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. या रुग्णवाहिकेला पैसे पडत नाहीत. खासगी गाडीने निघालो असतो तर वाटेत ऑक्सिजनही मिळाला नसता.

मोठ्या रुग्णालयात पोचेपर्यंत अंधार पडला होता. पत्नी स्ट्रेचरबरोबर आत गेली आणि नोंदणीच्या खिडकीवर माझा मेहुणा उभा राहिला. ‘काय झाले’ या प्रश्नाला त्याने उत्तर दिले, “औषधाची केस आहे.” आता मराठवाड्यात ‘औषधाची केस’ म्हणजे काय, हे कोणालाही विचारा. ज्याला औषध मारताना लागते त्याच्यासाठी आमच्या बोलीत वेगळा शब्दच नाही. औषध म्हटले की ते घेतलेले, म्हणजे प्यायलेले. लिहिणाऱ्यानेही तोच अर्थ घेतला. मेहुण्याचा त्यात दोष नाही आणि रात्री दहा माणसांची गर्दी उरकणाऱ्याला मी दोष कसा देऊ? जे पिकावर मारतो त्याला आपण औषध म्हणतो, तिथेच घोळ आहे.

ॲट्रोपिनने छातीतला कफ सुकतो आणि मंदावलेली नाडी वाढते, पण मोठ्या मात्रेत भ्रमही होतो. दोन दिवस मी चादरीवरून कापूस वेचत होतो म्हणे. चिमटीने काहीतरी उचलायचे आणि नसलेल्या ओटीत टाकायचे. हात बांधावे लागले. सोमवारी, 23 तारखेला, पोलीस चौकीतले जमादार जबाब घ्यायला आले तेव्हा मी त्याच अवस्थेत होतो, म्हणून त्यांनी पत्नीचा जबाब घेतला. घरात भांडण झाले होते का, कर्ज किती आहे, सोसायटीचे थकले आहे का, असे प्रश्न होते. तिने शांतपणे उत्तरे दिली आणि लिहिलेला जबाब वाचून घेतल्याशिवाय सही केली नाही. त्यात ‘स्वतःच्या शेतात फवारणी करीत असताना’ हे शब्द आले आहेत की नाहीत, एवढे तिने पाहिले. विषाची कोणतीही केस पोलिसांकडे कळवली जातेच, तेव्हा जमादार आले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाचे जुने 309 कलम उरलेले नाही. पण सही करण्यापूर्वी जबाब वाचून घ्यावा, किंवा कोणाकडून तरी वाचवून घ्यावा.

तिसऱ्या दिवशी मी उठून बसलो, चहा मागितला, तेव्हा नातेवाईक म्हणाले की आता घरी न्यावे, उगीच गाड्यांच्या खेपा होत आहेत. डॉक्टरांनी साफ नकार दिला. या प्रकारच्या विषात, म्हणजे ऑर्गेनोफॉस्फरस वर्गात, विषबाधेनंतर एक ते चार दिवसांच्या दरम्यान, पहिली लक्षणे ओसरल्यावर, मानेचे आणि श्वासाचे स्नायू अचानक लुळे पडू शकतात, आणि तेव्हा माणूस घरी असला तर हातचा जातो. रोज सकाळी ते मला उशीवरून मान उचलून धरायला लावत. मला तो खेळ वाटे, पण ती तपासणी होती. तुमचा माणूस बरा दिसतो म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेण्याची घाई कृपा करून करू नका.

त्यांनीच मला काय झाले ते समजावून सांगितले. आपल्या रक्तात आणि मज्जातंतूंत कोलिनेस्टेरेज नावाचे एक द्रव्य असते. स्नायूंना गेलेला निरोप पुसून टाकणे हे त्याचे काम. हे विष त्या द्रव्यालाच निकामी करते, त्यामुळे निरोप पुसले जात नाहीत आणि लाळ, घाम, स्नायूंची फडफड थांबत नाही. ते द्रव्य गुरुवारी थोडे गेले, शुक्रवारी थोडे गेले आणि शनिवारी ते पुरेसे उरलेच नाही. “विहीर रोज उपसली आणि झऱ्याला भरायला वेळ दिला नाही तर काय होते?” एवढेच त्यांनी विचारले. विष श्वासातून जाते अशी माझी समजूत होती, म्हणून तर रुमाल बांधत होतो. प्रत्यक्षात फवारणाऱ्याच्या अंगात ते बहुतांशी कातडीतून जाते, त्यातही जांघेतली नाजूक कातडी ते हाताच्या कातडीपेक्षा कितीतरी पटींनी जास्त शोषते, आणि भिजलेला रुमाल तर विषाची पट्टी होऊन तोंडाला चिकटून राहतो. गळणारा पंप माझ्या नेमका तिथेच गळत होता.

शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी यवतमाळचा विषय काढला. 2017च्या हंगामात त्या एका जिल्ह्यात वीसहून अधिक फवारणाऱ्यांचा मृत्यू झाला आणि शेकडो दवाखान्यांत भरती झाले, हे मीही तेव्हा वाचले होते. डोक्यापर्यंत वाढलेला कापूस, मनाने केलेली मिश्रणे, उघडे अंग, यातले सगळे आमच्याकडेही होते; मी मात्र ती विदर्भातली बातमी म्हणून वाचली होती.

शुक्रवारी, 27 सप्टेंबरला, सुटी झाली. उपचाराचे पैसे पडले नाहीत. बाहेरून आणलेली काही औषधे 1,840 रुपये, खासगी लॅबमधील कोलिनेस्टेरेजची तपासणी 750 रुपये, सोबतच्या दोघांचे जेवण आणि जाण्यायेण्याचे मिळून साडेचार हजार, असा हिशोब वहीत आहे. बुडालेली मजुरी वेगळी. तपासणीत माझा आकडा 1,100 होता आणि त्या लॅबची खालची मर्यादा 5,300च्या आसपास होती. तपासणीची पद्धत बदलली की मर्यादाही बदलते, म्हणून पुढच्या तपासण्या त्याच लॅबमधून करून घ्या असा सल्ला मिळाला, तो मी पाळला.

सोमवारी, 30 सप्टेंबरला, कृषी सहायक शेतात आले. त्यांनी पंप, डबे, बिल यांचे फोटो घेतले आणि गावातील दोन पंचांसमोर पंचनामा केला. बिल होते, कारण योगायोगाने त्या दिवशी दुकानदाराने पक्के बिल दिले होते; एरवी मी घेत नसे.

7 ऑक्टोबरला मी कागदांची पिशवी घेऊन तालुका कृषी अधिकारी कार्यालयात गेलो. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत फवारणीची विषबाधा बसते आणि अर्ज 30 दिवसांच्या आत करायचा असतो, एवढे मला माहीत होते. तिथल्या कर्मचाऱ्याने आधी एक गोष्ट स्पष्ट केली : योजना मृत्यूसाठी आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहे, त्यात 2 लाख किंवा 1 लाख रुपये मिळतात; आजारी पडून बरे झालेल्या माणसाला तिच्यात काही मिळत नाही. मग त्याने डिस्चार्ज कार्ड हातात घेतले, वाचले आणि हळू आवाजात म्हणाला, “यात तर तुम्ही घेतल्याचं लिहिलंय.” कार्डावर इंग्रजीत ‘हिस्टरी ऑफ कन्झम्प्शन’ असे होते. मी ते कार्ड दहा दिवस खिशात घेऊन फिरत होतो आणि एकदाही नीट वाचले नव्हते.

पैसे मिळणार नव्हतेच, मग दुरुस्तीचा खटाटोप कशाला, असे भावाने विचारले. त्याला मी दोन कारणे सांगितली. या विषानंतर काही आठवड्यांनी हातापायांच्या नसा कमजोर होण्याची शक्यता असते आणि माझ्या तळपायांना तेव्हा मुंग्या येतच होत्या. उद्या खरोखर अपंगत्व आले तर आत्महत्येचा प्रयत्न म्हणून अर्ज पहिल्याच टेबलावर बाद झाला असता. दुसरे कारण मी त्याला अर्धेच सांगितले. आमच्या गावात त्या शब्दाने ओळखली जाणारी तीन घरे आहेत. त्या घरांतल्या मुलांकडे लोक कसे पाहतात ते मी पाहिले आहे आणि माझी मुलगी तेव्हा सातवीत होती.

8 ऑक्टोबरला रुग्णालयाच्या अभिलेख विभागात गेलो. तोंडी सांगून काही होत नाही, आधी संपूर्ण केसपेपरच्या प्रती मागा, असे सांगण्यात आले आणि ते बरोबरच होते. रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत नोंदी द्याव्यात असा डॉक्टरांसाठीच्या नियमावलीत दंडक आहे. मला प्रती 18 तारखेला मिळाल्या. अर्ज नेहमी दोन प्रतींत करावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्यावा, हे मी या पहिल्या खेपेत शिकलो. ज्या अर्जावर शिक्का नाही तो दिलाच नव्हता असे समजावे.

त्या प्रतींत माझी सुटका होती. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी फाईलमध्ये टाचलेली होती आणि तिच्यावर फवारणी करताना संपर्क झाल्याचे स्वच्छ लिहिले होते. म्हणजे पहिली नोंद बरोबर होती, दुसरी चुकली होती. त्याच दिवशी दुसरी रक्ततपासणी केली, आकडा 3,400 आला.

21 ऑक्टोबरला मी दुरुस्तीचा अर्ज दिला. सोबत आरोग्य केंद्राच्या चिठ्ठीची प्रत, पत्नीच्या जबाबाची प्रत, पंचनामा, औषधाचे बिल, डब्यांचे फोटो आणि सातबारा जोडला. पण विधानसभेच्या निवडणुकीची आचारसंहिता 15 तारखेलाच लागली होती. अर्धे कर्मचारी प्रशिक्षणाला, मग दिवाळी, मग 20 नोव्हेंबरचे मतदान. या काळात मी तीन वेळा गेलो आणि तिन्ही वेळा ‘साहेब नाहीत’ हेच ऐकले. प्रत्येक खेपेला बसचे भाडे आणि एक दिवस जाई. तिसऱ्या खेपेला, 11 नोव्हेंबरला, रागाने कागद टेबलावर टाकून यावे असे वाटले. त्याच दिवशीच्या तपासणीत आकडा 5,900 आला होता, म्हणून बहुधा टाकले नाहीत.

27 नोव्हेंबरला अखेर वैद्यकीय अधिकाऱ्यांनी समोर बसवून सगळे कागद पाहिले. मूळ नोंद खोडता येत नाही, खोडली तर तीच संशयास्पद ठरते, असे त्यांनी समजावले. तिच्याखाली तारीख आणि सहीनिशी पुरवणी नोंद करता येते. 4 डिसेंबरला ती प्रमाणित प्रत माझ्या हातात आली. ‘विषप्राशन’ नव्हे, ‘शेतात कीटकनाशक फवारताना त्वचा व श्वसनमार्गे विषबाधा’. एक ओळ. तिची एक प्रत पोलीस चौकीत दिली, एक कृषी कार्यालयात, आणि घरी दोन आहेत. तळपायांच्या मुंग्या तोपर्यंत थांबल्या होत्या.

हे सगळे करताना एक गोष्ट मला खात राहिली. ती योजना सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या घरातील एका व्यक्तीसाठी आहे. मी शनिवारी घरच्या शेतात पडलो म्हणून निदान अर्जाची पायरी तरी चढू शकलो. ज्याच्याकडे गुंठाभरही जमीन नाही आणि जो पंपाला 40 रुपये घेऊन दुसऱ्याच्या कापसात दिवसभर भिजतो, त्याने कोणत्या खिडकीवर उभे राहावे?

रक्तद्रवातले कोलिनेस्टेरेज काही आठवड्यांत भरून निघते, पण तांबड्या पेशींमधले पूर्ववत व्हायला तीन-चार महिने लागतात. म्हणून आकडा मर्यादेत आला तरी मला जानेवारी संपेपर्यंत औषधाला हात लावायची मनाई होती. पुढच्या हंगामाआधी मी वायसर बदलले, कापडी नव्हे तर नायट्राइल रबराचे हातमोजे, गमबूट, प्लास्टिकचा ॲप्रन आणि चष्मा घेतला. एकूण 1,350 रुपये लागले. विजार बुटाच्या आत खोचायची नाही, बाहेर ठेवायची, नाहीतर ओघळ सरळ बुटात जातो. ॲप्रनमध्ये जीव गुदमरतो हे खरे आहे, म्हणून सकाळी नऊच्या आत जेवढे पंप होतील तेवढेच मारतो आणि सलग दोन दिवस कोणाकडेही जात नाही. कमाई निम्मी झाली. विषबाधेच्या वेळी कोणते विष कसे चढते हे विचारण्यासाठी दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा 1800 116 117 हा मोफत क्रमांक पंपाच्या पट्ट्यावर रंगाने लिहून ठेवला आहे.

डिसेंबरमध्ये पत्नीचीही तपासणी करून घेतली, कारण फवारणीच्या दिवसांत तिचे डोके दुखते ही तक्रार मी सात वर्षे ऐकत होतो आणि चष्म्याचा नंबर आला असेल म्हणत होतो. लॅबमधल्या मुलाने अर्ज भरताना तिला विचारले, “तुम्ही फवारता का?” ती म्हणाली, “नाही, मी यांचे कपडे धुते.” आकडा मर्यादेच्या आत होता, पण अगदी काठावर, आणि तोही फवारणी संपून दोन महिने झाल्यावरचा. फवारणीचे कपडे आता घरात येत नाहीत. गोठ्याच्या मागे वेगळी बादली आहे, तिच्यात ते मी मोजे घालून, इतर धुण्यात न मिसळता, धुतो.